फक्की

माझ्या बाबांना गाडी चालवता येत नव्हती.
हे आधीच सांगते, म्हणजे पुढे हसायला मोकळे.
मोरेश्वर धैर्यवान, ड्राफ्ट्समन, पगार एकशे पंचाऐंशी,
वाहन सायकल, तीही सासऱ्यांकडून आलेली.

जुहूला लढाईच्या दिवसांतली धावपट्टी पडून होती,
काँक्रीटच्या सांध्यांतून गवत,
गवतात पास्कूच्या म्हशी.
क्लबातर्फे पेसी बाटलीबॉय आला, सोला हॅट, खिशात शून्य.
म्हणाला, धैर्यवान, दोन मैलांचा फेरा बसव,
नवा रस्ता एक इंचही बांधायचा नाय.

बाबांनी पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधली
आणि चिंधी किती वेळा वर आली ते मोजत
अख्खं मैदान पायाखाली घातलं.
विमानाला वळायला आभाळ असतं, ते म्हणायचे,
गाडीला वळण खाली काढून द्यावं लागतं.

टाकीपाशी डावं वळण, रुंद, दुपारच्या झोपेसारखं.
मग हँगरच्या मागून एक उलटसुलट, जरा खवट.
शेवटचं मात्र काही केल्या जमेना.
रात्री कधीतरी त्यांनी आईच्या अंबाड्यातला आकडा उपसला,
कागदावर ठेवला,
भोवतीनं पेन्सिल फिरवली.
आई झोपेत म्हणाली, सकाळी परत द्या.

मग फक्की. चार पोती, एक गळका डबा.
वारा समुद्रावरून यायचा आणि रेघा पुसून जायचा,
बाबा पुन्हा ओढायचे.
डांबराची रिकामी पिंपं, पेंढ्यांच्या भिंती,
पेंढ्या पास्कूच्या, भाड्यानं,
आणि भाडं म्हशींनी आधीच थोडं खाल्लेलं.

शर्यतीच्या रविवारी आईला सहावा महिना होता.
तिला आठवतो तो फक्त वास.
इंजिनांत एरंडेल घालत तेव्हा.
एवढे सुटाबुटातले लोक, ती सांगायची,
आणि सगळ्या मैदानाला पोट दुखणाऱ्या पोराचा वास.

अकराव्या फेरीला आकड्यावर
नेव्हिल डिमेलोची हिरवी गाडी वळलीच नाही.
पेंढ्या उडाल्या, एक पिंप घरंगळत
पार टाकीपर्यंत गेलं, मग सगळं गप्प.
दोन्ही पाय मोडले. जगला.
क्लबानं लिहिलं, चालकाची चूक.
पेसीनं पाठीवर हात ठेवला.
बाबा काही बोलले नाहीत.

त्या रात्री ते सायकलवर डबा लटकवून गेले
आणि कंदिलाच्या उजेडात
आकडा चार फूट बाहेर सरकवला.
शर्यत संपली होती.
पुढची कधी, कुणाला ठाऊक नव्हतं.
तरी सरकवला. मग घरी येऊन नकाशावरही,
ब्लेडनं जुनी शाई खरवडून.

पुढची झालीच नाही.
कुणी परवानगीचं म्हणतं, कुणी पैशांचं.
शर्यती दुसऱ्या गावांना गेल्या, म्हशी परत आल्या,
आणि पेसी गेला तेव्हा त्याच्या मुलानं
सोला हॅट आमच्याकडे पाठवली, का ते कळलं नाही.

नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर होता.
ते उकळत्या पाण्यात टाकलं की खळ सुटते
आणि खाली निघते मलमल, पैसे देऊन न मिळणारी.
ड्राफ्ट्समनांच्या घरोघरी बायका हे करायच्या.
आईनं विचारलं नाही. बाबांनी अडवलं नाही.
दोन मैलांचा फेरा पातेल्यात उकळला
आणि त्याचं झबलं शिवलं, माझं.

परवा भाचीनं ते इस्त्रीला काढलं.
आत्या, काखेत डाग आहे गं, जात नाही.
मी चष्मा लावला. शाईची फिकट रेघ,
आत येते, दचकते, मागे फिरते,
आणि तिच्या आतल्या अंगाला, खरवडलेली, आणखी एक.

असू दे, म्हटलं.
तिथे ब्रेक लावायचा असतो.